खुबा दुखतोय? आधी बोट ठेवून दाखवा, नक्की कुठे

नेहमीसारखंच हे एपिसोडचं लिखित रूप, माझे अडखळणे आणि खिडकीबाहेरचे हॉर्न काढून टाकलेलं. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे इअरफोन घरी विसरून बसमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी.

आज सुरुवात एका दुरुस्तीने. मागे बैठ्या कामावरचा एपिसोड केला होता, त्यात मी फार आत्मविश्वासाने सांगून टाकलं होतं की व्यायाम करताना खुबा दुखतोय म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून पुढचे स्नायू आखडलेत, रोज दहा मिनिटं स्ट्रेचिंग करा, जाईल. हे वाक्य अर्धवट होतं. आणि माझ्याच एका मित्राने ते पूर्ण खरं मानलं. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. हे तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आज पहिल्याच परिच्छेदात सांगतोय.

मित्र म्हणजे माझा फ्लॅटमेट. डिसेंबरमधल्या हाफ मॅरेथॉनचं नाव त्याने ऑक्टोबरमध्ये नोंदवलं. तोपर्यंत आयुष्यात पाच किलोमीटरच्या पुढे पळाला नव्हता. सहा आठवड्यांत गडी सोळा किलोमीटरवर गेला, शिवाय त्याच वेळी वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण बंद. चौथ्या आठवड्यात डाव्या जांघेत दुखायला लागलं. आधी पळताना पाचव्या किलोमीटरनंतर, मग दुसऱ्या किलोमीटरला, मग ऑफिसचे जिने चढताना. मला म्हणाला, "अरे, तू सांगितलेलं स्ट्रेचिंग करतोय, पण वाढतंयच." मी काय म्हणावं? "नीट करत नसशील. मी दाखवतो."

एक्स-रे काढला. नॉर्मल आला. म्हणून पुन्हा पळाला. त्यानंतर रात्री कूस बदलताना कळ यायला लागली, आणि सकाळी तो चक्क लंगडत चहा करत होता. शेवटी कॉलेजमधल्या एका ओळखीच्या फिजिओताईंकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटं प्रश्न विचारले. कुठे दुखतं, कधीपासून, किती पळतोस, काय खातोस. मग पाय हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "आजपासून पळणं बंद. एमआरआय करून ऑर्थोपेडिककडे जा, उद्याच." मांडीच्या हाडाचा वरचा, मानेसारखा निमुळता भाग असतो, तिथे बारीक चीर होती. स्ट्रेस फ्रॅक्चर. पडला नव्हता, कुठे आपटला नव्हता, तरी हाड चिरलं होतं.

आता हे होतं कसं, ते बघू. इथे माझं इंजिनिअरिंग थोडं कामाला येतं.

तुम्ही एका पायावर उभे राहिलात की खुब्याच्या सांध्यावर किती वजन येतं? सत्तर किलोचा माणूस म्हणजे सत्तर किलो, असं वाटतं. पण नाही. भाजीवाल्याचा तराजू डोळ्यासमोर आणा, फक्त त्याची एक दांडी दुसरीच्या निम्मीच करा. लांब दांडीला तुमचं शरीर लटकलंय, आखूड दांडीला खुब्याच्या बाहेरचे स्नायू. तोल राखायचा तर आखूड बाजूने साधारण दुप्पट ओढावं लागतं. मधल्या काट्यावर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही बाजूंची बेरीज येते. ती होते वजनाच्या अडीच पटींच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाला पावणेदोनशे किलो, आणि हे नुसतं उभं राहून. पळताना हाच आकडा वजनाच्या चार-पाच पटींवर जातो. दहा किलोमीटर सावकाश पळालात तर प्रत्येक पायाला असे पाच-सहा हजार दणके.

हाड हे सहन करतं कारण ते जिवंत आहे. झिजलेला भाग शरीर आधी काढून टाकतं, मग नवीन भरतं. गंमत अशी की काढायचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं आणि भरायला साधारण तीन महिने लागतात. रस्ता खोदायला एक रात्र आणि बुजवायला पावसाळा संपेपर्यंत, हे पुणेकरांना वेगळं समजवायला नको. मधल्या काळात हाड थोडं कमजोरच असतं. त्याच वेळी तुम्ही अंतर दुप्पट केलंत, जेवण निम्मं केलंत, ड जीवनसत्त्व आधीच कमी, तर झिजेचा वेग दुरुस्तीच्या पुढे जातो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, त्यामुळे "जमतंय की!" असं वाटतं. हाडाला ते वेळापत्रक माहीत नसतं.

आणि एक्स-रे? अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते. "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "काही नाही" असा घेणं ही आमची दुसरी चूक.

मित्राचं नशीब की चीर मानेच्या आतल्या, खालच्या बाजूला होती. तिथे वजनाने हाड दाबलं जातं, त्यामुळे कुबड्या आणि विश्रांतीवर भागू शकतं. तीच चीर वरच्या, बाहेरच्या बाजूला असती तर तिथे हाड ताणलं जातं, चीर उघडत जाते, आणि बहुतेक वेळा स्क्रू घालायची शस्त्रक्रिया करावी लागते. दुर्लक्ष होऊन हाड पूर्ण सरकलं तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग अठ्ठाविसाव्या वर्षी खुबा बदलायची चर्चा. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो. मी जरा जास्तच.

बोट कुठे जातं?

फिजिओताईंचा पहिला प्रश्न होता, "एका बोटाने दाखव." हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा, कारण खुबा म्हटलं की आपण हात कुठेही ठेवतो. पँटचा पट्टा बसतो तिथे, कुल्ल्यावर, पाठीच्या खाली. "कंबर दुखते" या दोन शब्दांत आपण अर्धं शरीर कोंबतो. प्रत्यक्षात खुब्याचा सांधा खोल आत, जांघेच्या घडीच्या मागे असतो. म्हणून सांध्याचं दुखणं बहुतेक जांघेत जाणवतं, कधी मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. काही जण अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पंजाने बाजू पकडून "इथे आत कुठेतरी" म्हणतात. इंग्रजी सी अक्षरासारखा हात होतो. डॉक्टर ही खूण बघून कान टवकारतात.

जांघेत दुखतंय आणि ते खोल स्क्वॉट मारताना, बैठका काढताना किंवा बाइकवर पाय टाकताना चिमटा बसल्यासारखं असेल, तर वेगळी शक्यता आहे. खुब्याचा गोळा आणि वाटी यांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. काहींच्या गोळ्याला थोडा उंचवटा असतो, काहींच्या वाटीची कड जास्त पुढे आलेली असते, आणि पाय खूप वर दुमडला की दोन्ही एकमेकांना टेकतात. मध्ये वाटीच्या कडेची मऊ कूर्चा सापडते. आता जिममधला ट्रेनर ओरडत असतो, "अजून खाली! अजून!" पण तुमचा सांधा आणि शेजारच्याचा सांधा एकाच साच्यातून निघालेला नाही. पाय थोडे रुंद ठेवा, चवडे थोडे बाहेर वळवा, मागे एक स्टूल ठेवून तेवढ्याच उंचीपर्यंत खाली जा. चिमटा बसत नाही ती तुमची आजची खोली. मी स्वतः हेच करतो, आणि तालमीत जाणाऱ्या माझ्या काकांची "आमच्या वेळी पाचशे बैठका" ही कॅसेट शांतपणे ऐकतो. या चिमट्यावर गुडघा छातीशी ओढून जोरजोरात स्ट्रेचिंग करणं म्हणजे जिथे टेकतंय तिथेच पुन्हा दाबणं. पण एक लक्षात ठेवा, असा उंचवटा काहीही न दुखणाऱ्या अनेक खेळाडूंच्या एक्स-रेतही दिसतो. रिपोर्टमधला शब्द वाचून घाबरू नका. दुखणं आणि चित्र जुळतंय का, हे तपासणाऱ्याने ठरवायचं.

बोट बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचा टेंगूळ हाताला लागतो तिथे गेलं, तर ते बहुधा सांध्याचं नाही. मघाशी तराजूच्या आखूड दांडीला लटकलेले जे स्नायू होते, त्यांच्या टेंडनचं असतं. हे चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. माझ्या आईला होतं. त्या कुशीवर झोपलं की दुखतं, जिना चढताना दुखतं, एका पायावर भार टाकून स्वयंपाकघरात उभं राहिलं की दुखतं. ऑस्ट्रेलियात यावर २०४ लोकांचा एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. शिकवलेले व्यायाम आणि रोजच्या सवयीतले बदल, स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि नुसतं थांबून बघणं, असे तीन गट. आठ आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, थांबणाऱ्यांत २९ टक्के. आईला मी दोन गोष्टी सांगितल्या, त्याही फिजिओताईंना विचारून. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी, आणि पायावर पाय टाकून बसणं बंद. दुसरी अजून जमलेली नाही. इथेही बाहेरची बाजू ताणणारे स्ट्रेच उलटे पडू शकतात, कारण टेंडन हाडावर आणखी दाबलं जातं. म्हणजे माझा तो जुना सल्ला इथेही आपटला.

बोट मागे, कुल्ल्यात गेलं आणि कळ पायात खाली उतरत असेल तर पाठीचा मणका तपासायचा. यावर वेगळा एपिसोड करू.

एक शक्यता मात्र पटकन सांगतोच. काही आजारांत मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइडची औषधं दिली जातात. कोविडच्या काळात ती पुष्कळांनी घेतली. ही जिममधल्या बॉडीबिल्डिंगच्या स्टिरॉइडपेक्षा वेगळी. अशी औषधं घेतली असतील, दारू भरपूर असेल, किंवा सिकलसेल असेल (विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मंडळींनी हे विशेष ऐका) आणि जांघेत दुखत असेल, तर डॉक्टरांना ही माहिती आपणहून द्या. गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मरायला लागतं, तेही सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. लवकर कळलं तर हातात पर्याय असतात.

मग व्यायाम थांबवायचा का?

बऱ्याचदा नाही. मला आता जी पट्टी वापरायला शिकवली गेलीय ती सोपी आहे. शून्य ते दहा असे दुखण्याला गुण द्या. तीनपर्यंत आहे, व्यायाम करताना वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच आहे, तर चालू ठेवा, थोडं कमी करून. सकाळी जास्त असेल तर कालचं प्रमाण जास्त झालं. पळणाऱ्यांनी त्याच वेगात पावलं थोडी आखूड करून मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाकून बघावीत, खुब्यावरचा भार कमी होतो. फोनवर मेट्रोनोमचं अ‍ॅप लावा, पहिले दोन दिवस विचित्र वाटेल.

ही पट्टी स्ट्रेस फ्रॅक्चरला लागू नाही. जांघेतलं दुखणं प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर सुरू होतंय, लंगडायला होतंय, रात्री झोपेत कळ येतेय, पायावर भार टाकवत नाही, यातलं काहीही असेल तर पळणं आजच बंद आणि डॉक्टर. एका पायावर उडी मारून बघायची चाचणी तुम्हाला यूट्यूबवर सापडेल. शंका असेल तर ती घरी करू नका, चिरलेल्या हाडावर उडी मारून काय मिळवणार? सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि वजन उचलताना किंवा खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो, त्यासाठी सर्जन.

मित्राचं पुढे काय झालं, हे इन्स्टावर बऱ्याच जणांनी विचारलंय. सहा आठवडे कुबड्या. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्यातले चार दिवस बंद होती, तेव्हा त्याला मी आणि वॉचमनकाकांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. ड जीवनसत्त्व तपासलं, कमी निघालं. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू झालं, आता माझ्या ताटातलंही खातो. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पळायला लागला. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, एवढंच. हाफ मॅरेथॉनचा टी-शर्ट शर्यतीआधीच घरी आला होता. तो त्याने अजून घातलेला नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलाय.

जुन्या एपिसोडच्या वर्णनात ही दुरुस्ती आज टाकली आहे. त्यातला तेरा ते सतरा मिनिटांचा भाग ऐकू नका. तुमचे प्रश्न नेहमीच्या ठिकाणी पाठवा, आणि पाठवताना दुखतंय कुठे ते एका बोटाने ठरवून लिहा. भेटू पुढच्या रविवारी.