जोडणी एकच, दरवाजे दोन

गोंदियाजवळच्या मुर्रीतून एखाद्या खातेदाराने बँकेतील शिल्लक विचारली, की त्याची विनंती 'टीसीपी'च्या नियमांनी दूरच्या मुख्य संगणकापर्यंत पोहोचते. तो संगणक युनिक्सवर चालत असेल, तर तेथील प्रोग्रॅम या जाळ्याशी दोन प्रकारे जोडलेला असू शकतो. एक दरवाजा 'सॉकेट'चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीतून तो खुला केला. दुसरा 'टीएलआय'चा, म्हणजेच ट्रान्सपोर्ट लेअर इंटरफेसचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एटी अँड टीच्या 'सिस्टिम फाइव्ह' युनिक्सबरोबर तो आला.

हा भेद आज कोणाला कशासाठी हवा? जुन्या सोलारिस यंत्रणेवरील काम लिनक्सवर हलविणाऱ्यांना तो आधी जाणून घ्यावाच लागतो. सॉकेटवरचा प्रोग्रॅम तुलनेने सहज हलतो. टीएलआयची सोय मात्र लिनक्समध्ये मुळातच नाही. तो भाग नव्याने लिहावा लागतो. २००१ च्या 'पॉझिक्स' मानकातही स्थान मिळाले ते सॉकेटलाच.

अनेक जण याचा शोध जाळ्यावर घेतात आणि तेथेच फसतात. फोनवरील आवाजावरून पलीकडचा फोन चकतीचा की बटणांचा, हे सांगता येत नाही. तसेच येथेही आहे. 'टीसीपीडम्प'ने पकडलेल्या पाकिटांत प्रोग्रॅमने कोणता दरवाजा वापरला, याची नोंद नसते. 'नेटस्टॅट'ही केवळ पत्ते आणि जोडणीची स्थिती दाखवते.

उत्तर यंत्राच्या आतच मिळते. मूळ प्रोग्रॅम हाती असेल तर 'टी_ओपन', 'टी_कनेक्ट' ही नावे टीएलआयची खूण होय. तो नसेल, तर सोलारिसवरील 'ट्रस' ही आज्ञा चालू प्रोग्रॅमने कर्नलला केलेल्या विनंत्या दाखविते. त्यात 'सो_सॉकेट' दिसल्यास सॉकेट. टीसीपीचे उपकरण उघडून 'पुटमेसेज', 'गेटमेसेज' चालले असल्यास टीएलआय. 'पीफाइल्स'ही हाच भेद दाखविते. १९९७ च्या सोलारिस २.६ पूर्वी मात्र सॉकेटही आतून स्ट्रीम्सवरच बेतलेले असल्याने ही खूण तेथे फसवी ठरते. 'लिबएनएसएल' हे ग्रंथालय जोडलेले आहे एवढाही पुरावा पुरेसा नाही. यंत्रांची नावे शोधण्यासाठी सॉकेटचे प्रोग्रॅमही ते वापरतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. 'ट्रस'ने प्रोग्रॅम मंदावतो आणि 'पीफाइल्स' त्याला क्षणभर थांबविते. म्हणून ही तपासणी ऐन व्यवहाराच्या वेळी न करता चाचणीच्या यंत्रावर करणेच इष्ट.