फूल आणि दोन पाने

मराठी माणसाच्या मनात दुफळी या शब्दाभोवती एक जुने भय दबा धरून बसलेले आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. 1775 च्या मार्च महिन्यात रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांशी जो तहनामा केला, त्यात पेशवाईची मसनद मिळवून देण्याच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई कंपनी सरकारच्या पदरात घालण्याचे त्यांनी कबूल केले. आणि तेव्हापासून आपल्याकडे दोन पक्षांत कडाक्याचे मतभेद दिसू लागले, की शाळामास्तरापासून अग्रलेखकारापर्यंत सर्वांना घरभेद्यांची आठवण होते. ही आठवण खोटी नव्हे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला कधी पटलेला नाही. रघुनाथराव म्हणजेच राघोबादादा आणि त्यांना विरोध करणारे बारभाईंचे कारभारी मंडळ यांच्यात तट पडले हे त्या अनर्थाचे मूळ नव्हते. त्या तटांनी आपला दावा कोणापुढे मांडावा, त्याचा निवाडा कोणत्या रीतीने व्हावा आणि ज्याच्या विरुद्ध निवाडा होईल त्याने त्यानंतर कोठे जाऊन बसावे, याची कसलीच तजवीज त्या राज्यात नव्हती, म्हणून हरलेल्याला परक्याच्या वखारीखेरीज दुसरे दार उरले नाही.

राजकीय दुफळी समाजाला मारक की पोषक, हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा आपल्या शेजारच्या गोव्यात तो कसा सुटला ते पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि साडेचारशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल उठल्याबरोबर घरात पहिला वाद निघाला तो या घरावर नाव कोणाचे लावायचे याचा. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणे, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणे, तो केंद्रशासित आणि वेगळाच राहावा. 1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या पक्षाने हा निकाल म्हणजेच विलीनीकरणाला मिळालेली संमती होय असे धरून चालण्यास सुरुवात केली. विरोधकांचे म्हणणे असे, की सरकार निवडणे आणि मुलखाचे भवितव्य ठरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, तेव्हा या एका प्रश्नावर लोकांना स्वतंत्रपणे विचारले जावे.

हा वाद केवळ हिंदू विरुद्ध ख्रिस्ती, अथवा मराठी विरुद्ध कोंकणी असा होता, असे पुष्कळ वेळा सांगितले जाते. तसे ते असते तर हा लेख मी लिहिला नसता. ख्रिस्ती समाजाचा कल बव्हंशी एका बाजूस होता हे खरे, परंतु हिंदू समाज आतून दुभंगलेला होता, आणि त्याला दुभंगणारी रेषा देवळातून न जाता पुष्कळशी माडा-पोफळीच्या भाटातून जात होती. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आणि त्याच्या मर्जीवाचून तेथून हलू न शकणारा जो मुंडकार, त्याला महाराष्ट्र म्हणजे कूळकायदा, मराठी शाळा आणि मान वर करून चालण्याची मुभा असे दिसत होते. उलट माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला महाराष्ट्र म्हणजे दारूबंदी, नोकरदाराला महाराष्ट्र म्हणजे मुंबईहून येणारे अधिकारी, आणि कोंकणीच्या अभिमान्याला महाराष्ट्र म्हणजे आपल्या भाषेवर बोलीचा शिक्का, असे भय वाटत होते. यांतील कोणतेही भय पोकळ नव्हते, आणि कोणतीही आशाही वेडगळ नव्हती. मौज अशी, की विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत तिखट प्रचार मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने केला, आणि तो केला मराठीतून; चंद्रकांत केणी यांचे संपादन आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर यांनी मराठी वाचकाला मराठीतच पटवले, की मराठी वाचायला महाराष्ट्रात जावे लागत नाही. मला स्वतःला त्या काळी मत असते तर मी ते कोठे टाकले असते, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

अखेर ही मागणी मान्य होऊन, विलीनीकरणाच्या प्रश्नावर लोकांचा कौल घेण्यासाठी संसदेने 1966 च्या डिसेंबरात कायदा केला. त्याच महिन्याच्या तीन तारखेला बांदोडकरांनी राजीनामा दिला, कारण सरकारी यंत्रणा ज्याच्या हाती आहे त्याच्याच देखरेखीखाली कौल घेतला तर तो निर्भेळ राहणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता, आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. आपल्या जन्मभराच्या कार्यक्रमाचा फैसला तोंडावर असताना, प्रतिपक्षाचा संशय फिटावा म्हणून खुर्ची सोडणाऱ्या मुख्यमंत्र्याचे हे उदाहरण आपल्या राजकीय स्मरणात जितके ठसायला हवे होते तितके ठसलेले नाही.

या मतदानाला लोकांनी ‘जनमत कौल’ म्हटले, आणि तो शब्द सहज तोंडी आलेला नव्हता. जुन्या दप्तरांतून कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयवचन. गाव उजाड झाला तर पाटलाला कौल देऊन रयत परत आणून वसवावी, अशी रीत. आणि गोव्यात किंवा तळकोकणात देवापुढे कौल लावताना ज्याने पाहिले असेल, त्याला या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायला नको. मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात; गाऱ्हाणे घालणारा प्रश्न खुलासेवार मांडतो, असे असेल तर उजवी दे, तसे असेल तर डावी दे; मग सगळे ओठ मिटून पाहत राहतात. समईच्या उजेडात पाकळीची कड सुटू लागते, पुन्हा चिकटल्यासारखी होते, पाणी ओघळते, आणि एकदाची ती खाली पडते. पडली की भांडण संपले असे नाही, परंतु त्या एका प्रश्नावरचे भांडण संपते. येथे दैवी चमत्काराचा मुद्दा माझ्या मनात नाही. प्रश्न दोन उत्तरांपर्यंत आणून सोडण्याची, आणि उत्तर येण्याआधीच ते मानायचे असे ठरवण्याची जी शिस्त त्या विधीत आहे, तिच्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. योगायोगाने मतपत्रिकेवरची चिन्हेही त्याच पूजेच्या ताटातून उचलल्यासारखी होती: विलीनीकरणासाठी फूल, वेगळेपणासाठी दोन पाने.

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यातील 3,88,432 मतदारांपैकी 3,17,633 जणांनी मत दिले. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांनी फुलाला जवळ केले, तर सासष्टीने पानांच्या पारड्यात एवढे वजन टाकले की तराजू फिरला. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. अंतर 34,021 मतांचे. म्हणजे सतरा हजार माणसांचे मन पालटले असते, तर आज गोवा महाराष्ट्राचा एखादा जिल्हा असता. असा काठावरचा निकाल लागला म्हणजे हरलेला पक्ष फेरमोजणी, कोर्टकचेरी आणि शिवीगाळ यांत पुढली पाच वर्षे घालवील, असे आपण गृहीत धरतो. गोव्यात घडले ते निराळे. एकाहत्तर दिवसांनी, 28 मार्च रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 16 व युनायटेड गोवन्सला 12 जागा मिळाल्या. ज्या मतदारांनी बांदोडकरांचा मुख्य कार्यक्रम नाकारला होता, त्यांनीच बांदोडकरांना पुन्हा राज्यावर बसवले. आम्हाला महाराष्ट्र नको, परंतु मुंडकाराची दाद घेणारा माणूस हवा, असे सांगण्यास त्यांना दोन वेगवेगळ्या मतपत्रिका मिळाल्या होत्या, आणि त्या दोन्ही त्यांनी वापरल्या.

या हरण्याचे पुढे काय झाले ते पाहिल्याखेरीज दुफळीचे पोषकत्व कळत नाही. विलीनीकरणामागची जी खरी भूक होती, ती विलीनीकरण न होताही भागवावी लागली. 1975 मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्यास बंदी करणारा कायदा आला, 1976 मध्ये कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला. बांदोडकर 1973 च्या ऑगस्टात वारले होते. हे कायदे त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकीर्दीत झाले. फुलाला पडलेली एक लाख अडतीस हजार मते कौल हरली, तरी ती कोठे विरघळून गेली नाहीत. प्रत्येक सरकारला ती मोजावी लागली.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. राजभाषेचा प्रश्न त्या कौलात विचारलेला नव्हता, तो तसाच राहिला, आणि त्याचे निराकरण मतपेटीऐवजी रस्त्यावर होऊ लागले तेव्हा 1986 च्या डिसेंबरात दगड, जाळपोळ आणि माणसांचे मृत्यूही गोव्याने पाहिले. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा संमत झाला, देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि मराठीचा सरकारी कामासाठी उपयोग करण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य बनला. माणसे तीच होती, मुलूख तोच होता, आणि वीस वर्षांपूर्वीच्या दुफळीपेक्षा ही दुफळी काही अधिक खोल होती असेही नाही. फरक एवढाच, की त्या वेळी गाऱ्हाणे नीट घातले गेले होते, आणि या वेळी ते कोणी घातलेच नाही.

गोव्याच्या सीमेपासून जवळच बेळगाव आहे. राज्य पुनर्रचनेत 1956 साली तो भाग म्हैसूर राज्यात गेला. या सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल गोव्याच्या कौलाच्याच वर्षी, 1967 मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिकडच्या मराठी माणसाने एवढ्या काळात अर्ज दिले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या आणि आमदारही निवडून दिले. परंतु कोणत्या राज्यात राहायचे, या एकाच प्रश्नाची मतपत्रिका त्याच्या हाती आजवर एकदाही पडलेली नाही.