बोटांवरून मुठीत

शर्यतीची हौस माणसाला उपजतच असावी. आमच्या वऱ्हाडात सुगी आटोपली की बैलजोड्यांच्या शर्यतींचे वेध लागतात. त्यांना शंकरपट म्हणतात. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही पोरांना पटाचे भारी वेड. पण पट वर्षातून थोडेच दिवस. उरलेले वर्ष त्यांची शर्यत चालते ती फोनवर. बोटाच्या एका स्पर्शासरशी मोटारी सुसाट सुटतात, आणि हाक मारणाऱ्या आईला उत्तर मिळते, “थांब ना, शेवटचा फेरा आहे!”

फोनवरच्या या मोटारींना गेल्या काही वर्षांत एक नवा मुक्काम मिळाला आहे. जपानमधील क्योटो येथील निंटेंडो कंपनीने मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. मध्ये ६.२ इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणांच्या मुठी; हातात धरून खेळा, नाहीतर घरच्या टीव्हीला जोडा. फोनवर गाजलेले शर्यतीचे खेळ एकामागून एक या यंत्रावर येऊ लागले.

वाचकांना वाटेल, त्यात एवढे काय मोठे? इथले उचलायचे, तिथे ठेवायचे! वरवर पाहता खरेच आहे. स्विचच्या पोटातील टेग्रा एक्स-वन ही चिप फोनच्या चिपांची भावकीतलीच. टॅब्लेटांतही ती वापरली गेली आहे. पण एका भाषेतील नाटक दुसऱ्या भाषेत नेताना केवळ शब्द बदलून भागत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा नाटकाबरोबर माणसांची नावे आणि रीतीभातीही मराठी झाल्या. खेळांचेही तसेच आहे. काय आणायचे याइतकेच काय मागे ठेवायचे, हेही ठरवावे लागते.

पहिली अडचण हाताची. फोनला बटणे नसतात. म्हणून तेथे मोटार आपोआप पळते. आपण फोन डावी-उजवीकडे कलवायचा, किंवा पडद्यावर बोट टेकवायचे. त्या बोटाखाली निम्मा रस्ता झाकला जातो, तो भाग निराळा! मुठी हाती आल्यावर मोटार खरोखर हाकावी लागते. पण येथेही एक मेख होती. खऱ्या मोटारीचा वेग पायाने कमी-जास्त दाबून राखतात. पटातील गडीही कासरा कधी आवळतो, कधी सैल सोडतो. ‘आवळला’ आणि ‘सोडला’ एवढ्या दोनच अवस्थांवर कोणी जोडी हाकत नाही. स्विचच्या मुठींमागील बटणांना मात्र तेवढ्या दोनच अवस्था कळतात. वळणावर अर्धा वेग ठेवायचा तरी कसा?

लंडनच्या फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीने ‘ग्रिड ऑटोस्पोर्ट’ हा खेळ आणला, तेव्हा तिला हा प्रश्न सोडवावा लागला. मूळ खेळ कोडमास्टर्स या इंग्रज कंपनीचा, २०१४ सालचा. फेरलने तो नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोनवर आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्विचवर नेला. निंटेंडोच्याच जुन्या गेमक्यूब यंत्राच्या कंट्रोलरची बटणे दाबाची पायरी ओळखतात. तो कंट्रोलर जोडण्याची सोय फेरलने करून दिली.

दुसरी अडचण डोळ्यांची. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्र एका सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यात रेखाटून व्हायला हवे. उशीर झाला की मोटार अडखळते. तेव्हा सुबकपणा राखावा की चपळाई? ‘ग्रिड’ने निवड खेळणाऱ्यावरच सोपवली: देखणेपणा हवा तर सेकंदाला ३० चित्रे, चपळाई हवी तर ६०, आणि बॅटरी पुरवून वापरायची असेल तर तिसरी काटकसरीची तऱ्हा.

हात आणि डोळा यांचे प्रश्न कारागीर सोडवतात. तिसरा प्रश्न खिशाचा, आणि तो घराघरांचा आहे. फोनवरचे पुष्कळसे खेळ फुकट म्हणून येतात. पण आत दुकान मांडलेले असते. चार फेऱ्या झाल्या की मोटारीचे इंधन संपते. मग तासभर थांबा, नाहीतर पैसे मोजा! मुलाला वाट पाहवत नाही, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. तेथे शर्यत मोटारींची राहत नाही, मुलाचा धीर आणि बापाचा खिसा यांची होते.

असा खेळ खेळयंत्रावर आणताना हे दुकान बरोबर आणायचे की नाही? येथे दोन वाटा दिसतात. फ्रान्समधील लिआँ शहराच्या ईडन गेम्सने ‘गियर क्लब’ हा खेळ २०१६ साली फोनवर फुकट आणला होता, आत खरेदीची सोय ठेवून. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गियर क्लब अनलिमिटेड’ या नावाने तो स्विचवर आला, तेव्हा दुकान काढून टाकलेले होते. एकदा किंमत मोजा आणि मनसोक्त खेळा; एकाच पडदाचे भाग करून चौघे मिळूनही. उलट गेमलॉफ्टचा ‘अस्फाल्ट ९’ ऑक्टोबर २०१९ मध्ये स्विचवर आला, तो फुकटच, आणि आतील खरेदीही त्याच्याबरोबर आली. चौघांना एकत्र खेळण्याची सोय त्यातही होती, हे मात्र सांगितले पाहिजे.

पहिल्या वाटेने आधी पैसे मोजावे लागतात, आणि मध्यमवर्गीय घराला ते जाणवतात, यात शंका नाही. पण जो खर्च आधी कळतो त्याची तरतूद करता येते. जो शंभर-शंभर रुपयांनी गळतो, त्याचा हिशेब महिनाअखेरपर्यंत लागत नाही. म्हणून मुलाने नवा खेळ मागितला की ‘किती रुपये?’ एवढ्यावर थांबू नये. ‘एकदा दिल्यावर पुन्हा मागणार का?’ हेही विचारावे.

आणि या यंत्रावर आपल्या लोकांनी निव्वळ गिऱ्हाईक म्हणूनच बसावे असे थोडेच आहे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ ऑगस्ट २०२० मध्ये इतर यंत्रांच्या आधी स्विचवरच आला. तो शर्यतीचा नाही, पण वाट इकडूनही जाते हे त्याने दाखवून दिले. उद्या एखाद्या वऱ्हाडी पोराने त्या पडद्यावर शंकरपट उतरवला, तर कासऱ्याचा ताण बोटांना कसा कळवायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. त्याने दुकान तेवढे आत मांडू नये, म्हणजे झाले.