स्पीकर बदलण्याआधी एक टाळी वाजवा

आजच्या भागाची सुरुवात एका आवाजाने करतो. [टाळी] ऐकलंत? घराला रंग द्यायला काढला होता, तेव्हा रिकाम्या बेडरूममध्ये वाजवलेली ही टाळी. आणि आता ही. [टाळी] तीच खोली, तोच फोन, तेच हात. मधल्या काळात फक्त गाद्या, कपाट आणि पडदे परत आले. पहिल्या टाळीला मागे शेपूट आहे, दुसरीला जवळजवळ नाहीच.

हे सगळं सुचलं एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून. पहिल्या पगारातून त्याने साउंडबार घेतला. म्हणतो, "दादा, बास नुसता घुमतोय आणि संवाद कळत नाहीत. तोच पिक्चर इअरफोनवर झकास वाटतो. हा विकून मोठा घेऊ का?"

थांब मित्रा, विकू नकोस. उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. इअरफोन थेट कानात वाजतो, त्याच्यात खोली येतच नाही. साउंडबार मात्र खोलीत वाजतो. त्याचा थोडा आवाज सरळ तुझ्यापर्यंत येतो आणि बाकीचा भिंती, फरशी, छत, खिडकीची काच असं सगळीकडे आपटून मागाहून येतो. आपल्याकडचे हॉल कसे असतात? खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर. टाइल अंगावर पडलेल्या आवाजातला शंभरात एखाद-दुसरा भाग शोषते, उरलेला परत फेकते.

आता संवाद का कळत नाहीत ते बघा. बोलण्यात स्वर मोठे आणि लांब असतात, तर 'क', 'त', 'स' ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. मागच्या स्वराचं शेपूट अजून खोलीत फिरत असतं, तेवढ्यात पुढचं व्यंजन येतं आणि त्याखाली दबून जातं. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. त्याने शेपूटही तेवढंच मोठं होतं. म्हणजे फायदा शून्य, वर शेजारचे काका बेल वाजवणार ते वेगळंच.

हा प्रश्न जुनाच आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह होतं आणि तिथे बोललेलं कुणाला समजत नव्हतं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्याने काय करावं? जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत! रिकाम्या हॉलमध्ये एक आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत होते. गाद्या वाढत गेल्या तसा हा वेळ कमी होत गेला. यातूनच त्याचं सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितकं शेपूट लांब, शोषणारा माल जितका जास्त तितकं ते आखूड. १९०० मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला गेला.

आपल्याला हार्वर्डच्या गाद्या नकोत, आजीची गोधडी आहे की! टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी किंवा जाड गालिचा टाका, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा लावा. बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं हे शोधायला एक आरसा पुरतो. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि भावाला आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा. स्पीकर आरशात जिथे दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं उघडं शेल्फ ठेवा किंवा गोधडी टांगा. (आई काय म्हणेल त्याची जबाबदारी माझी नाही.) अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका. तो पातळ पुठ्ठा, त्याच्याने फारसं काही शोषलं जात नाही.

पण घुमणारा बास पडद्याने जात नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला पडदा काय अडवणार? शिवाय १० फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो, १२ फुटांत ४७ हर्ट्झचा. हा फुगवटा भिंतीलगत सर्वात जास्त असतो आणि आपला सोफा तर कायम भिंतीलाच टेकलेला! तो हातभर पुढे ओढून ऐका. सबवूफर कोपऱ्यात असेल तर बाहेर काढा, कारण कोपऱ्यात बास आपोआप वाढतो. साउंडबार शोकेसच्या कप्प्यात आत ढकलला असेल तर अगदी कडेपर्यंत पुढे आणा. या कशालाच एक रुपया लागत नाही.

एक गल्लत टाळा. हे उपाय खोलीतला आवाज स्वच्छ करतात, बाहेर जाणारा आवाज थांबवत नाहीत. त्याला जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं, गोधडी नव्हे.

तर मित्रा, आधी सोफा सरकव, सतरंजी टाक, मग तोच सीन पुन्हा लाव. आणि बाकीच्यांनी आपापल्या हॉलमधली एक टाळी व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात सगळ्या लागोपाठ ऐकवतो.