सीमेवरची पैनगंगा

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढताना मुलांना दक्षिणेकडची कड हमखास अवघड जाते. ती वेडीवाकडी आहे, कारण ती पैनगंगेची वाट आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावणारी ही नदी यवतमाळला हिंगोली, नांदेड, तेलंगणातील आदिलाबाद आणि शेवटी चंद्रपूर या जिल्ह्यांपासून वेगळे करते व घुग्घुसजवळ वढा येथे वर्धा नदीस मिळते.

ही सीमा जुनी आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. तेव्हापासून नदीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे निजामाचा, अशी स्थिती झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुकेही इकडे आले. त्यामुळे सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी पैनगंगा आज केवळ दोन जिल्ह्यांची हद्द आहे. खाली केळापूर-झरी जामणीकडे मात्र ती दोन राज्यांची सीमा आहे. नदी तीच, पाणीही तेच.

आता प्रश्न असा, की नदी ही सीमा म्हणजे नेमकी कोणती रेषा? पात्राच्या मध्यातून जाणारी, की सर्वांत खोल धारेतून? बेसाल्ट खडकात कोरलेले पात्र सहसा हलत नाही, म्हणून आपल्याकडे हा वाद फारसा जाणवत नाही. गाळाच्या प्रदेशात तसे नसते. उत्तर प्रदेश व बिहार यांच्यामध्ये गंगेची खोल धार हीच सीमा मानली जाई. पुरात धार सरकली की शेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई आणि मालकीवरून मारामाऱ्या होत. अखेर १९६८ च्या कायद्याने तेथे नदीवर अवलंबून नसलेली कायमची रेषा ठरविण्यात आली.

रेषा ठरली तरी पाण्यावर ताबा कोणाचा, हे ठरत नाही. घटनेनुसार पाणी हा राज्यांचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संसदेला आहे. परंतु खरी अडचण भूगोलाची आहे. बंधाऱ्याला दोन काठ लागतात. सीमेवरील नदीत त्यातला एक काठ शेजाऱ्याचा असतो. शिवाय अडविलेले पाणी मागे पसरते. पात्राचा उतार दर किलोमीटरला एक मीटर असेल, तर पाण्याची पातळी चार मीटरने वाढविताच फुगवटा सुमारे चार किलोमीटर मागे सरकतो. सपाट जागी त्याहूनही अधिक. म्हणूनच अशा करारांत भांडण मीटरवरून होते.

पैनगंगेचे पाणी पुढे वर्धेतून प्राणहितेत जाते. तेथे तुम्मिडीहट्टी येथे आंध्र प्रदेशाला १५२ मीटर पातळीचा बंधारा हवा होता. गडचिरोली-चंद्रपूरकडील जमीन बुडेल म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात करार झाला. त्यात ही पातळी १४८ मीटर, तर पैनगंगेवरील चनाखा-कोराटा बंधाऱ्याची २१३ मीटर ठरली. चार मीटर म्हणजे वर्गाच्या खोलीच्या उंचीपेक्षा फार अधिक नव्हे!

दोन्ही काठ एकाच राज्यात असले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की उमरखेडच्या आणि पलीकडे हिमायतनगरच्या गावांची मागणी एकच असते: धरणातून नदीत पाणी सोडा. येथे वाद दोन काठांमध्ये नसून वरचे आणि खालचे यांच्यात आहे. निम्न पैनगंगा प्रकल्पाचेही असेच. त्याच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा ८८ टक्के व तेलंगणाचा १२ टक्के. पण जमीन जाणार ती यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतल्या गावांची. दोन राज्यांचे एकमत झाले असले, तरी त्या गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे.

शाळेत सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळाला तर नदीकाठचा एखादा भाग घ्यावा. एक समोच्च रेषा निवडून तिच्या आतला भाग निळ्या पेन्सिलीने रंगवावा आणि कोणती गावे निळी झाली, ती कोणत्या काठावरची, हे मुलांना मोजायला सांगावे.