विद्यापीठाच्या कुंपणालगतची शांतता

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवाराभोवती, औंध, पाषाण आणि बाणेर रस्त्याच्या बाजूने, ज्या बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या शांततेचे श्रेय सहसा रहिवाशांच्या सुसंस्कृतपणाला दिले जाते. वस्तुतः ते बऱ्याच अंशी जमिनीला द्यावयास हवे. 1949 मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला गणेशखिंडीतील ब्रिटिश गव्हर्नरांच्या निवासस्थानाचे आवार मिळाले आणि सुमारे 411 एकरांचा तो झाडीचा पट्टा घरबांधणीच्या बाजाराबाहेर राहिला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांची विस्तीर्ण आवारेही जवळच असल्याने शेजारच्या वसाहतींना मोकळी हवा आयती लाभली.

शांततेचे मापही कायद्याने ठरवून दिले आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) इतकी आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल 2020 मध्ये मेट्रो व नव्या दुमजली पुलाच्या बांधणीसाठी पाडण्यात आला, आणि त्यानंतरच्या वाहतूककोंडीत ही मर्यादा मुख्य रस्त्यालगत कागदावरच राहिली असल्यास नवल नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी याच वसाहतींत खोली किंवा ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खाटेमागे ठरलेल्या भाड्याने, राहण्याची सोय शोधतात. रात्री गच्चीवर रंगणाऱ्या गप्पा आणि फाटकासमोर लावलेल्या दुचाकी यांवरून कुरबुरी होतात, हे खरे. परंतु त्यासाठी अविवाहित मुलांना सरसकट मज्जाव करणाऱ्या सोसायट्या ज्या विद्यापीठामुळे त्यांच्या घरांना मोल आले, त्याच्याच विद्यार्थ्यांना दार बंद करतात. खोली देण्याची धास्ती मात्र जुनी आहे. मुंबईच्या भाडेविषयक कायद्यातील 1973 च्या दुरुस्तीने तेव्हा परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूंचे संरक्षण दिले, त्यामुळे घरमालक सावध झाले. आज प्रचलित असलेल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात राहणाऱ्याला जागा ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची केवळ परवानगी मिळते, तिच्यात हितसंबंध निर्माण होत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.