धावणारा डॉक्टर : कॅप्टन नोएल शॅव्हॅस

मूल मैदानावर जास्त रमले की आपल्या घरांतून हमखास ऐकू येते, ‘पळून का पोट भरतंय?’ अशा आईबापांनी इंग्लंडच्या नोएल शॅव्हॅस यांची हकिकत जरूर वाचावी.

नोएल व त्यांचा जुळा भाऊ १८८४ साली ऑक्सफर्डला जन्मले. वडील पुढे लिव्हरपूलचे बिशप झाले. दोघे भाऊ १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावले, प्राथमिक फेरीतच बाद झाले. नोएल १९१२ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी लष्करी वैद्यकीय दलात शिरले.

१९१४ ला महायुद्ध पेटले. पलटणीच्या डॉक्टरने खंदकाजवळच्या ठाण्यात मलमपट्टी करावी, जखमींना स्ट्रेचरवाल्यांनी आणावे, अशी रीत. हे डॉक्टर मात्र स्वतःच शोधायला निघत. ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधील गियमाँ येथे त्यांनी दिवसभर गोळीबारात, उघड्यावर उपचार केले. रात्री शत्रूच्या फळीसमोर चार तास जखमी शोधले. दुसऱ्या दिवशी एका जवानाला पाचशे यार्ड वाहून आणले. त्यात स्वतःला तोफगोळ्याची कपची लागली. तरी त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन, शत्रूच्या खंदकापासून अवघ्या पंचवीस यार्डांवरून तिघांना उचलून आणले. सुमारे वीस जीव वाचले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणारे तथागत आपल्याला ठाऊक आहेत. ही करुणा त्याच जातीची, असे मला वाटते.

हे युद्ध आपल्यापासूनही दूर नव्हते. १९१७ साली १११ महार पलटण उभी केली गेली आणि १९२१ ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो! शिष्यवृत्ती संपल्याने बाबासाहेब १९१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून मुंबईला परतले. त्यांचे ग्रंथ नेणारी बोट पाणबुडीने बुडवली.

त्याच दिवसांत बेल्जियममध्ये ईप्रजवळ लढाई जुंपली होती. ३१ जुलैला जखमी जवानाला नेतानाच नोएल स्वतः गंभीर जखमी झाले. मागे जायला त्यांनी नकार दिला. दोन दिवस जवळजवळ उपाशी, थकलेले, चिखलातून माणसे आणत राहिले. मग त्यांच्या ठाण्यातच तोफगोळा पडला, पोटात जबर इजा झाली. ४ ऑगस्टला ते गेले. वय बत्तीस. लग्न ठरलेले होते. धाकटा भाऊ एडन महिन्यापूर्वीच युद्धात बेपत्ता झाला होता.

दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्या महायुद्धातील कामगिरीबद्दल दोन्ही क्रॉस मिळवणारे ते एकटेच. ब्रांडहूक येथील त्यांच्या कबरीच्या दगडावर दोन क्रॉस कोरलेले आहेत.